अंतराळस्थानकावरील जनुकतज्ज्ञ : नव्या खेळाडूंसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

‘स्पेस स्टेशन १३’ हा २००३ साली प्रथम आलेला, अनेकांनी एकाच वेळी मिळून खेळायचा विज्ञानकथात्मक खेळ आहे. वरून पाहिल्यासारखे चौकटींचे एक अंतराळस्थानक पडद्यावर दिसते आणि त्यावरील कप्तान, डॉक्टर, अभियंता, स्वयंपाकी, सफाई कामगार अशी प्रत्येक भूमिका कोणी ना कोणी खराखुरा माणूस निभावत असतो. एक राउंड साधारण तास-दीड तास चालतो आणि त्या अवधीत स्थानकाला आग लागू शकते, हवा निघून जाऊ शकते किंवा सहकाऱ्यांपैकीच कोणी गुप्तपणे शत्रूचे काम करीत असू शकतो. या सगळ्या धामधुमीत एका बंद प्रयोगशाळेत बसून माकडांच्या जनुकांतील अक्षरे वाचणारा जो कर्मचारी असतो तो जनुकतज्ज्ञ, अर्थात जेनेटिसिस्ट. विदर्भातील गावांमधून, विशेषतः बारावी विज्ञान किंवा कृषी पदविका करणाऱ्या मुलामुलींकडून, या भूमिकेबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या भूमिकेकडे बहुतेक नवखे एकाच आशेने येतात. भिंतीपलीकडचे दिसावे, हिरवेगार महाकाय शरीर मिळावे, दुरूनच वस्तू उचलता याव्यात, अशी ती आशा असते. हे सर्व या खेळात खरोखर मिळते. परंतु ते मिळवण्याचे काम वाचनाचे, नोंदी ठेवण्याचे आणि धीराचे आहे, आणि मिळालेल्या गुणांचे मोल ते इतरांना वाटल्यावरच कळते. स्वतःला चार शक्ती टोचून घेऊन बोळांतून धावणारा जनुकतज्ज्ञ स्थानकाच्या कोणत्याही कामाचा नसतो, आणि बहुधा तो लवकर मरतो. मी ही भूमिका आवडीने खेळतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे की संपूर्ण खेळात इतके शांतपणे विचार करायला लावणारे दुसरे काम नाही.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. या खेळाची मूळ संहिता खुली आहे आणि वेगवेगळे गट आपापली शाखा चालवतात. ‘टीजीस्टेशन’, ‘गूनस्टेशन’ आणि ‘पॅराडाइज’ ही त्यांतील परिचित नावे असून प्रत्येकीत जनुकशास्त्राची यंत्रे निराळी वागतात. खालील सर्व मांडणी टीजीस्टेशन शाखेला धरून केलेली आहे. अन्य शाखेच्या सर्व्हरवर खेळायचे असल्यास तिथले माहितीपान आधी वाचून घ्यावे. इथली बटणे तिथे सापडतीलच असे नाही.

घरातील तयारी

खेळ ‘बायॉन्ड’ नावाच्या मोफत प्रणालीवर चालतो. ती विंडोज असलेल्या संगणकावर बसवावी लागते आणि तिचे खातेही मोफत उघडता येते. मोबाइलवर हा खेळ खेळता येत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. महागड्या संगणकाची मात्र गरज नाही. अभ्यासासाठी घेतलेला साधा लॅपटॉप पुरतो. काही सर्व्हर अगदी नव्या खात्यांना लगेच प्रवेश देत नाहीत, त्यामुळे खाते काही दिवस आधीच उघडून ठेवणे श्रेयस्कर.

आपल्याकडे बहुतेकांच्या घरी इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. या खेळाला डेटा फार लागत नाही, पण जोडणी स्थिर लागते. फोन खिडकीत किंवा माळवदावर जिथे रेंज टिकते तिथे ठेवून लॅपटॉप त्याच्या टप्प्यात घेऊन बसावे. बहुतेक सर्व्हर युरोपात किंवा अमेरिकेत असल्याने कळ दाबल्यावर परिणाम दिसायला क्षणभर उशीर लागतो. मारामारीच्या भूमिकांना हा उशीर फार जाचतो. प्रयोगशाळेतील कामाला त्याने काहीही बिघडत नाही, आणि गावातून खेळणाऱ्याने जनुकतज्ज्ञ निवडावा असे मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

वेळेचेही गणित पाहावे. युरोपातील खेळाडू त्यांच्या संध्याकाळी आठच्या सुमारास जमतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र झालेली असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्रीचे आठ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेपाच. रात्र जागवण्यापेक्षा पहाटेचा राउंड बरा. कपाशी वेचणीच्या दिवसांत शेतात निघण्यापूर्वीचा तास अनेकांना सोयीचा पडतो, आणि त्या वेळी सहसा नेटवरही गर्दी नसते.

एकाच घरातून दोघे भाऊ किंवा बहीण-भाऊ खेळणार असाल, तर विशेष काळजी घ्यावी. एकाच जोडणीवरून दोन खाती आली की व्यवस्थापकांना एकच माणूस दोन पात्रे चालवीत असल्याचा संशय येतो. त्यांना आधीच कळवून ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे राउंडमधील माहिती खेळाबाहेर एकमेकांना सांगणे सक्त मना आहे. “अबे, तिकडं जाऊ नोको, तो मारून रायला” असे शेजारच्या खाटेवरून ओरडून सांगणे प्रेमापोटीच होते, परंतु नियमांच्या दृष्टीने ती फसवणूक ठरते आणि त्यावर बंदीची कारवाई होऊ शकते. शक्यतो दोघांनी वेगवेगळ्या राउंडमध्ये खेळावे.

पहिल्या राउंडची सुरुवात

काही सर्व्हरवर जनुकतज्ज्ञाची भूमिका लगेच खुली नसते. थोडा वेळ सहायक म्हणून खेळावे लागते. तो वेळ वाया गेला असे मानू नये. चालणे, दारे उघडणे, वस्तू हातात धरणे आणि रेडिओवर बोलणे ही चार कामे तिथे अंगवळणी पाडावीत. टी ही कळ दाबल्यावर बोलण्याची चौकट उघडते. एक्सने हात बदलतो, क्यूने हातातील वस्तू खाली पडते, झेडने हातातील वस्तू वापरली जाते, आणि शिफ्ट दाबून एखाद्या गोष्टीवर क्लिक केल्यास तिचे वर्णन वाचता येते. कंट्रोल दाबून क्लिक केल्यास समोरची व्यक्ती किंवा वस्तू ओढत नेता येते. माकडे हलवण्यासाठी हीच कळ रोज लागणार आहे. वाक्यारंभी अर्धविराम टाकल्यास संदेश सर्व स्थानकाला ऐकू जातो, आणि विसर्ग-चिन्हासारखे दोन ठिपके व त्यापुढे एच हे अक्षर टाकल्यास तो केवळ आपल्या विभागाला जातो. संवाद इंग्रजीत चालतो. सोपी, लहान वाक्ये लिहिली तरी कोणी हसत नाही. जगभरातील खेळाडू तिथे मोडक्या-तोडक्या इंग्रजीतच बोलत असतात.

टीजीस्टेशनमध्ये जनुकतज्ज्ञ विज्ञान विभागाचा सदस्य असून संशोधन संचालक हा त्याचा वरिष्ठ असतो. राउंड सुरू होताच विभागाच्या रेडिओवर आपण कामावर हजर असल्याचे सांगावे आणि दुसरा जनुकतज्ज्ञ असल्यास कामाची वाटणी करून घ्यावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने इंजेक्टर, म्हणजे सापडलेले गुण टोचण्याच्या सुया, छापून वाटावेत, ही विभागणी मला सर्वांत उपयुक्त वाटते.

प्रयोगशाळेत तुम्हाला दोन मुख्य यंत्रे दिसतील. एक डीएनए स्कॅनर, ज्याच्या पेटीत माणूस किंवा माकड बसते. दुसरा त्याला जोडलेला कन्सोल, ज्याच्या पडद्यावर वाचन चालते. बाजूला माकडांचा गोठा असतो. माकडे संपल्यास वाळवलेल्या माकडांचे लहान ठोकळे मिळतात, ज्यांवर पाणी टाकताच जिवंत माकड उभे राहते. माकडाला ओढत स्कॅनरजवळ न्यावे, माउसने धरून पेटीवर सोडावे, आणि कन्सोलवरून पेटी बंद करून कुलूप लावावे. कुलूप न लावल्यास माकड मध्येच बाहेर पडते आणि वाचन अर्धवट राहते.

अक्षरांचे वाचन

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करू नये.

कन्सोलवर सीक्वेन्सर नावाचा भाग उघडल्यावर पेटीतील प्राण्याची मोजकी जनुके चित्रांच्या रांगेत दिसतात. बहुतेकांना नाव नसते. केवळ एक क्रमांक असतो. ही सुप्त उत्परिवर्तने, म्हणजे अंगात असूनही अजून जागे न झालेले जनुकीय बदल होत. एखादे निवडले की खाली अक्षरांच्या सोळा जोड्या उलगडतात. अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. जीवशास्त्राच्या पुस्तकात ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन म्हणून आपण शिकलो तीच ही, आणि नियमही तोच आहे. ए समोर नेहमी टी येतो आणि जी समोर नेहमी सी. काही जागी अक्षराऐवजी एक्स असतो, म्हणजे तिथले अक्षर लपलेले आहे. सर्व सोळा जोड्या बरोबर भरल्या की उत्परिवर्तन जागे होते आणि त्याचे नाव उघड होते.

समजा, सोळांपैकी पहिल्या आठ जोड्या अशा दिसल्या :

वरची ओळ : ए, जी, एक्स, टी, सी, एक्स, ए, जी
खालची ओळ : टी, एक्स, ए, ए, एक्स, एक्स, टी, सी

दुसऱ्या जोडीत वर जी आहे, म्हणून खाली सी. तिसरीत खाली ए आहे, म्हणून वर टी. पाचवीत वर सी आहे, म्हणून खाली जी. इथवर कोणतीही अडचण नाही. सहाव्या जोडीत मात्र दोन्ही अक्षरे लपलेली आहेत. ती ए-टी, टी-ए, जी-सी किंवा सी-जी यांपैकी काहीही असू शकते. एकच अशी जोडी असेल तर चार प्रयत्नांत उत्तर मिळते. दोन असतील तर चार गुणिले चार म्हणजे सोळा शक्यता होतात, आणि तीन असतील तर चौसष्ट. इथेच नवखे अक्षरांवर वाटेल तसे दाबत सुटतात, आणि त्यात त्यांचा सारा राउंड खर्ची पडतो.

प्रत्येक बदलाबरोबर पेटीतील प्राण्याला थोडी जनुकीय इजा होत जाते, त्यामुळे आंधळे प्रयत्न माकडाच्या जिवावर बेततात. त्याऐवजी एक फार चांगला मार्ग आहे, आणि तो शिकलेला माणूस पुन्हा कधी अंदाज करीत बसत नाही. एका राउंडमध्ये एका क्रमांकाच्या उत्परिवर्तनाची खरी अक्षरमाला सर्व प्राण्यांत एकच असते; लपवलेल्या जागा मात्र प्रत्येक प्राण्यात निराळ्या असतात. म्हणून पहिल्या माकडात सहावी जोडी पूर्ण झाकलेली असेल, तर तोच क्रमांक दुसऱ्या माकडात किंवा एखाद्या सहकाऱ्यात शोधावा. तिथे सहाव्या जागी वर सी दिसला, की खाली जी येणार हे ठरले, आणि पहिल्या माकडातील कोडे एकही चुकीचे बटण न दाबता सुटले.

यासाठी जवळ खरी वही ठेवावी. पानावर सोळा रकाने आखावेत, डावीकडे उत्परिवर्तनाचा क्रमांक लिहावा, आणि जसजसे नवे प्राणी पेटीतून जातील तसतसे रिकामे रकाने भरत जावे. पेन्सिल बरी, कारण खाडाखोड होते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काहीही न सोडवता केवळ चार-पाच माकडे आळीपाळीने पेटीत घालून नोंदी घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगेन. त्यानंतरची सोडवणूक इतकी भराभर होते की सुरुवातीचा वेळ वसूल होऊन वर उरतो. ही वही दुसऱ्या राउंडला मात्र चालत नाही; अक्षरमाला आणि क्रमांक दर राउंडला नव्याने ठरतात, तेव्हा नवे पान घ्यावे.

वहीनेही न सुटलेल्या जोडीसाठी कन्सोलवर जोकर नावाचे बटण असते. ते लावून एखाद्या झाकलेल्या अक्षरावर दाबल्यास खरे अक्षर उघड होते. त्यानंतर बराच वेळ ते पुन्हा वापरता येत नाही. म्हणून जोकर अशाच उत्परिवर्तनावर खर्च करावा ज्यात पूर्ण झाकलेल्या दोनच जोड्या उरल्या आहेत : एक जोकरने सुटेल आणि सोळाच्या चार शक्यता होतील. अंदाज करावाच लागला तर तो क्रमाने करावा. पहिली जोडी ए-टी धरून दुसरीत चारही पर्याय तपासावेत, मग पहिली टी-ए करावी, याप्रमाणे पुढे जावे. कोणते पर्याय होऊन गेले हे तेव्हाच ध्यानात राहते.

एका अक्षराला एवढे महत्त्व कसे, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्याच भागाकडे पाहावे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी शाळाशाळांतून होते. तो आजार बीटा-ग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे होतो; जी-ए-जी या त्रिकुटाचे जी-टी-जी होते, त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि तांबड्या पेशीचा आकार कोयत्यासारखा होतो. आईवडिलांपैकी एकाकडूनच बदललेले जनुक आले तर माणूस वाहक राहतो, दोघांकडून आले तर आजार होतो. खेळातील ‘सुप्त’ हा शब्द वाहकाच्या अर्थाने घेऊ नये. खेळाने सोयीसाठी सगळेच फार सोपे केले आहे. परंतु जोड्यांचा नियम अस्सल आहे, आणि बारावीच्या मुलांना तो इथे सरावाने पक्का होतो, हे मी पाहिले आहे.

स्थिरता

उत्परिवर्तन उघड झाले की कन्सोलवरून दोन प्रकारच्या सुया छापता येतात आणि त्यांतील फरक न समजल्याने जितके नवखे मरतात तितके अन्य कशानेही मरत नाहीत. ॲक्टिव्हेटर हा माणसाच्या अंगात आधीपासून सुप्त असलेले उत्परिवर्तन जागे करतो. म्युटेटर हा मुळात नसलेले उत्परिवर्तन बाहेरून आणून घालतो. देशी वाणात मुळातच असलेला काटकपणा निवडीने पुढे आणणे वेगळे, आणि मातीतील जिवाणूचे जनुक काढून कपाशीत बसवणे, जे भारतात २००२ साली बीटी वाणांच्या मंजुरीने शेतात आले, ते वेगळे. या दोन सुयांमध्ये तोच भेद आहे.

प्रत्येक माणसाची जनुकीय स्थिरता १०० पासून सुरू होते. बाहेरून घातलेले प्रत्येक उत्परिवर्तन त्यातून आपला वाटा वजा करते. शक्ती जितकी मोठी तितका वाटा मोठा. स्थिरता शून्यावर किंवा त्याखाली गेली की शरीर आतून वितळू लागते, आणि थोड्याच वेळात त्याचे काय होईल ते सांगता येत नाही : माकड होईल, हाडे विरघळतील किंवा मृत्यू येईल. म्हणून सुई टोचण्यापूर्वी माणसाला एकदा स्कॅनरमध्ये बसवून त्याच्या सुप्त यादीत हवे ते उत्परिवर्तन आहे का, हे पाहावे. असल्यास ॲक्टिव्हेटरने काम होते आणि स्थिरता वाचते. नसल्यासच म्युटेटर द्यावा, आणि तो देताना उरलेला आकडा त्या व्यक्तीला शब्दांत सांगावा. आधी कोणा दुसऱ्याने काही टोचले आहे का, हेही विचारावे. दोन जनुकतज्ज्ञांनी एकमेकांना न विचारता एकाच खाणकामगाराला शक्ती दिल्या की काय होते, ते पाहण्याची वेळ कोणावर न येवो.

चूक झालीच तर म्युटाडोन हे औषध उत्परिवर्तने काढून टाकते. ते रसायनतज्ज्ञाकडे मिळते. राउंडच्या आरंभीच त्याच्या थोड्या गोळ्या मागून घेऊन प्रयोगशाळेत ठेवाव्यात, कारण गरज पडते तेव्हा वैद्यकीय विभागापर्यंत धावत जाण्याइतकी सवड नसते.

क्रोमोसोम, म्हणजे या खेळात उत्परिवर्तनाला जोडायचा पूरक भाग, हा पुढचा विषय आहे, पण त्याचा परिचय इथेच बरा. वापरून झालेला ॲक्टिव्हेटर पुन्हा कन्सोलमध्ये घातल्यास क्रोमोसोम मिळण्याची शक्यता असते. स्टॅबिलायझर उत्परिवर्तनाचा स्थिरतेवरील भार कमी करतो, सिंक्रोनायझर त्याचे दुष्परिणाम कमी करतो, पॉवर जोर वाढवतो आणि एनर्जेटिक दोन वापरांमधील प्रतीक्षा घटवतो. प्रत्येक क्रोमोसोम प्रत्येक उत्परिवर्तनाला बसत नाही. पहिल्या काही राउंडमध्ये मिळालेला स्टॅबिलायझर जपून ठेवावा आणि बाकीच्यांचा विचार करू नये.

कोणाला काय द्यावे

इथे जनुकतज्ज्ञाची खरी परीक्षा होते. विजेचे काम करणाऱ्या अभियंत्याला इन्सुलेटेड द्यावे, म्हणजे तारेचा धक्का लागणार नाही. स्थानकाबाहेर जाणाऱ्या खाणकामगाराला दाब आणि तापमान सोसण्याची उत्परिवर्तने उपयोगी पडतात. सुरक्षा विभागाला अंगाची उष्णता भिंतीपलीकडून दाखवणारी थर्मल दृष्टी हवी असते. लहान शरीर देणारे ड्वार्फिझम टेबलांवरून सहज जाऊ देते आणि गर्दीच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना ते आवडते. टेलिकायनेसिसने दूरच्या वस्तू हलवता येतात. तो कोणाला द्यायचा हे माणूस पाहून ठरवावे, कारण चोरीसाठी याहून सोयीचे साधन नाही.

हल्कबद्दल सगळेच विचारतात. तो थेट सापडत नाही; स्ट्रेंग्थ आणि रेडिओॲक्टिव्ह ही दोन उत्परिवर्तने कन्सोलवर एकत्र केल्यावर तो तयार होतो. रेडिओॲक्टिव्ह आणि थर्मल दृष्टी यांच्या संयोगातून एक्स-रे दृष्टी मिळते, तर अँटेना आणि पॅरानोया यांच्यातून मन वाचण्याची शक्ती. म्हणून रेडिओॲक्टिव्ह दिसले तर निकामी समजून टाकून देऊ नये. ते कन्सोलच्या साठ्यात जपून ठेवावे. हल्क झालेल्या माणसाचे हात एवढे मोठे होतात की त्याला बंदूक चालवता येत नाही आणि त्याचे प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षरांत, ओरडल्यासारखे उमटते. अंगावर बराच मार बसला की ती शक्ती जाते. भिंती फोडून अडकलेल्यांना बाहेर काढायला तो उत्तम आहे, पण स्थानकात दोनपेक्षा अधिक हल्क फिरू लागले की सुरक्षा विभागाला प्रयोगशाळेचा संशय येतोच, आणि तो येणे योग्यही आहे.

फेफरे, खोकला, बहिरेपण, अडखळणे अशी वाईट उत्परिवर्तनेही भरपूर निघतात. ती नोंदवून ठेवावीत. ती कोणाला गंमत म्हणून टोचू नयेत. सहकाऱ्याला आंधळे करून हसणारे जनुकतज्ज्ञ असतात. पुढच्या वेळी त्यांच्या दारात कोणी स्वयंसेवक उभा राहत नाही आणि मग वहीतील रकाने रिकामेच राहतात.

माणसांशी वागणूक

माणसांचे वाचन माकडांपेक्षा उपयुक्त, कारण त्यांच्यात वेगळी उत्परिवर्तने सापडतात. त्यासाठी रेडिओवर साध्या शब्दांत आवाहन करावे : केवळ वाचन होईल, सुई टोचली जाणार नाही, दोन मिनिटे लागतील. आलेल्या माणसाला पेटीत बसवण्यापूर्वी विचारावे, कुलूप लावल्यास तसे सांगावे, आणि काम झाल्यावर त्याला त्याच्याच सुप्त यादीतील एखाद्या चांगल्या उत्परिवर्तनाचा ॲक्टिव्हेटर भेट द्यावा. बातमी पसरते आणि पुढची माणसे आपणहून येतात. संमतीशिवाय कोणाला पेटीत कोंडणे हे खेळातही गुन्हा आहे, आणि तुम्ही शत्रूच्या भूमिकेत नसाल तर बहुतेक सर्व्हरच्या नियमांत ते बसत नाही.

कन्सोलच्या एन्झाइम्स भागात व्यक्तीचे रूप आणि ओळख साठवता व बदलता येते. एखाद्याचा चेहरा दुसऱ्याला देण्याची विनंती घेऊन कोणी आले तर संशोधन संचालकाला कळवावे. अशा कामामागे बहुधा कोणाची तरी हत्या लपवण्याचा बेत असतो.

प्रयोगशाळेचे दार उघडे टाकू नये आणि छापलेल्या सुया टेबलावर पसरून ठेवू नयेत. प्रत्येक सुईवर काय आहे ते पाहून ती खोक्यात ठेवावी. दुपारच्या बाजारात मांडल्यासारख्या पडलेल्या सुया दारातून आलेल्या पहिल्या सहायकाने उचलल्या की त्या कोठे पोहोचतील याचा नेम नसतो.

लाईन गेली तर

आपल्याकडे हे होणारच. जोडणी तुटली की तुमचे पात्र नाहीसे होत नाही. ते जिथे होते तिथेच निश्चल उभे राहते किंवा पडून राहते, आणि त्याच्या खिशातील ओळखपत्रापासून हातातील सुईपर्यंत सगळे कोणीही काढून घेऊ शकतो. त्याच खात्याने पुन्हा आल्यास तेच शरीर परत मिळते. म्हणून भारनियमनाचे वेळापत्रक आधी पाहावे, लॅपटॉपची बॅटरी आणि फोन दोन्ही पूर्ण चार्ज करून बसावे, आणि वीज जाण्याची वेळ जवळ आल्यास प्रयोगशाळेच्या आतील खोलीत जाऊन दार लावून घ्यावे. दुसरा जनुकतज्ज्ञ असल्यास विभागाच्या रेडिओवर त्याला सांगावे की आपण थोड्या वेळात दिसेनासे होऊ शकतो, साठ्यात कोणती उत्परिवर्तने आहेत आणि कोणत्या क्रमांकाची कोणती जोडी सुटायची राहिली आहे. सापडलेली उत्परिवर्तने कन्सोलच्या साठ्याबरोबरच डिस्कवरही उतरवून ती डिस्क त्याच्या हाती द्यावी. कन्सोल फुटला तरी डिस्कवरून काम पुढे चालू राहते.